शिराझ (१९२८): गोष्ट ताजमहालाची, नाव मात्र कुंभाराच्या पोराचं

जुनी_रिळं

मूकपट म्हटलं की आपल्याला फाळक्यांचा हरिश्चंद्र आठवतो आणि त्यानंतर एकदम 'आलम आरा'. मधली अठरा वर्षं जणू कुणी कॅमेरा हातातच धरला नव्हता. त्या काळात देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. आज शिल्लक आहेत ते दोन-चार डझनांत मावतील, आणि त्यातलेही बरेच तुकड्यातुकड्यांत. नायट्रेटची फिल्म आपोआप सडते, पेट घेते, आणि तिच्यात चांदी असते. चांदीसाठी रिळं भंगारात काढण्याचा उद्योग आपल्याकडे राजरोस चालला. 'शिराझ' यातून वाचला, कारण त्याचा पैसा परदेशी होता आणि निगेटिव्हही तिकडेच राहिली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहातून ती काढून, साफसूफ करून, २०१७ साली अनुष्का शंकरच्या नव्या संगीतासह पुन्हा दाखवली.

आता गोष्ट. वाळवंटातून एक तांडा चाललाय, दरोडेखोर पडतात, एक चिमुरडी तेवढी वाचते. एक कुंभार तिला घरी नेऊन वाढवतो, नाव ठेवतो सलीमा. गळ्यात एक ताईत, बाकी आगापिछा काही नाही. कुंभाराचा मुलगा शिराझ तिच्याबरोबर वाढतो आणि मोठेपणी तिच्यावर जीव टाकतो. गुलामांचे व्यापारी तिला पळवतात, बाजारात विकतात आणि ती शाहजादा खुर्रमच्या जनान्यात पोचते. खुर्रम म्हणजे पुढचा शहाजहान. शिराझ मागोमाग जातो. इकडे दालिया नावाच्या एका महत्त्वाकांक्षी बाईला स्वतः राणी व्हायचंय. ती खोट्या परवान्याचं कारस्थान रचून शिराझला जनान्यात पकडवते. शिक्षा, हत्तीच्या पायाखाली देणं. ऐनवेळी कारस्थान उघडं पडतं, ताईतावरून सलीमा राजघराण्यातली असल्याचं सिद्ध होतं, लग्न होतं, ती मुमताज महल होते. मग अठरा वर्षं जातात. ती जाते. बादशहा तिच्यासाठी वास्तू बांधायची ठरवतो आणि नकाशे मागवतो. पसंत पडतो तो एका आंधळ्या म्हाताऱ्याचा नमुना. तो कोण, हे सांगायला नको.

कथा ऐकून 'काय हा मसाला' असं वाटलं असेल, तर वाटणं बरोबर आहे. तरीही मी हा धागा काढतोय, कारण हा सिनेमा ज्याला राजेशाही प्रेमकथा म्हणतो तिच्याकडे तो राजवाड्याच्या भिंतीबाहेरून बघतो. शहाजहानपाशी सत्ता आहे, हुकूम आहे, संगमरवर आहे. त्याचं प्रेम दिसतं ते हुकमातून. शिराझपाशी फक्त हात आहेत. सुरुवातीला ते मातीत असतात, शेवटी डोळे गेल्यावर ते एका छोट्या घुमटावरून फिरतात. शिराझ झालेले हिमांशू राय नट म्हणून ग्रेट नव्हते, चेहऱ्यावर एकच करुण भाव धरून बसतात. पण हातांची कामं त्यांनी जीव ओतून केली आहेत.

आणि भव्यता! आग्र्याचा किल्ला म्हणजे आग्र्याचाच किल्ला, ताज म्हणजे ताजच. प्लायवूडवर चुना फासलेला महाल कुठे नाही. उंटांचे तांडे, बाजारातली गर्दी, दरबारातली माणसं, सगळं उन्हात चित्रित केलेलं. जाळीतून जमिनीवर पडलेली नक्षी खरी आहे, तिथे कुणी दिवे लावलेले नाहीत. हत्तीच्या प्रसंगात शिराझ जमिनीवर आडवा पाडलेला आहे आणि खराखुरा हत्ती खराखुरा पाय त्याच्या डोक्यावर उचलून धरतो. आजचा प्रेक्षक आपोआप शोधायला लागतो की कुठे कापलंय, कुठे जोडलंय. आणि सापडत नाही.

दिग्दर्शक फ्रांझ ओस्टेन म्युनिकचा जर्मन. निर्माता हिमांशू राय, लंडनला वकिली शिकायला गेलेला आणि नाटकाच्या नादी लागलेला बंगाली. मूळ नाटक निरंजन पालचं, म्हणजे लाल-बाल-पालमधल्या बिपिनचंद्र पालांच्या चिरंजीवांचं. बालांचे वारस काय करत होते हा प्रश्न इथे विचारू नये.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी लिहा. नाही पाहिला त्यांनीही लिहा, इथे तसंही अडत नाही.

गवती_चहा
*रुमाल*

रुमाल टाकून ठेवते, रात्री नीट वाचेन. एकच विचारायचंय, बघायला कुठे मिळेल? आणि सासूबाईंबरोबर बघण्यासारखा आहे का?

जुनी_रिळं

@गवती_चहा, २०१८ साली ब्लू-रे निघाली. अधूनमधून महोत्सवांत असतो. लांबी पावणेदोन तासांच्या आतबाहेर. सासूबाईंबरोबर बघा खुशाल, फक्त एक-दोन ठिकाणी चहा टाकायला उठावं लागेल. १९२८ साली आपल्या पडद्यावर नायक-नायिका चक्क चुंबन घेत होते. फुलांवर फुलं आपटायची पद्धत नंतरची.

इतिहासाचा_किडा
*थोडं इतिहासाबद्दल*

लेख आवडला. पण 'मसाला' म्हणून सोडून देण्याआधी नोंद असू द्या, की या कथेत इतिहास मिठापुरताही नाही.

अर्जुमंद बानो कुठल्या वाळवंटात सापडली नव्हती. आसफखानाची मुलगी, नूरजहानची सख्खी भाची. जन्म १५९३ चा. वाङ्निश्चय १६०७ साली आणि लग्न १६१२ साली. म्हणजे पाच वर्षं थांबले. त्यानंतर एकोणीस वर्षांचा संसार, चौदा बाळंतपणं, त्यातली सात मुलं जगली. शेवटच्या बाळंतपणात १६३१ च्या जूनमध्ये ती वारली. दालियासारखी कुणी मधे आल्याचं ऐकिवात नाही. मधे होत्या त्या मोहिमा, सासऱ्याविरुद्धचं बंड, पळापळ. खुर्रम बापाशी भांडून दक्षिणेपासून बंगालपर्यंत भटकला तेव्हाही ती बरोबर होती. पुढे १६२८ साली तो गादीवर बसल्यावर शाही मोहोर तिच्या ताब्यात होती. खोट्या परवान्यावर गोष्ट रचणाऱ्यांना हा खरा तपशील मिळाला असता तर!

वास्तूचं श्रेय उस्ताद अहमद लाहौरीला दिलं जातं. काम १६३२ मध्ये सुरू झालं. तो कुंभार नव्हता, आंधळाही नव्हता. सिनेमात बादशहा हुकूम देतो ना, की दुसरी अशी वास्तू होऊ नये म्हणून कारागिराचे डोळे काढा, आणि मग कळतं की तो आधीच आंधळा आहे? ही त्या 'हात तोडले' कथेचीच मावसबहीण. तिलाही काडीचा पुरावा नाही.

खरी गोष्ट सिनेमापेक्षा जास्त चांगली आहे, एवढंच माझं म्हणणं. मग खोटी का दाखवायची?

जुनी_रिळं

@किडा, सगळं मान्य. पण विचार करा, एकोणीस वर्षांचा सुखाचा संसार दाखवायचा कसा? शब्दाविना? पडद्यावर मजकुराच्या पाट्या तरी किती टाकणार? मूकपटाला अंतर लागतं. कुणीतरी दूर उभं राहून बघतंय, पोचू शकत नाहीये, हे तो न बोलता दाखवू शकतो. 'ती शाही मोहोर सांभाळते आणि राज्यकारभारात सल्ला देते' याला बोलपट लागेल. निरंजन पालने इतिहास मोडला, कारण त्याला दूर उभा राहणारा माणूस हवा होता.

शिवाय सिनेमा स्वतःला इतिहास म्हणवत नाही. इंग्रजी उपशीर्षकातच त्याने स्वतःला प्रेमकथा म्हटलंय.

तापीकाठ
*बुऱ्हाणपूर कुठंय?*

अहो, सगळे आग्रा आग्रा करताय, आमचं बुऱ्हाणपूर राहिलं की!

मुमताज वारली ती बुऱ्हाणपुरात. रावेरच्या पुढे, भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीने. आमच्याकडच्या अर्ध्या लोकांच्या सोयरिकी तिथे आहेत, बाजारात मराठी बिनधास्त चालते. तापीच्या पलीकडे झैनाबादला आहूखाना, म्हणजे मुघलांची हरणबाग आहे, तिथे तिला आधी पुरलं होतं. सहा महिन्यांनी तिथून काढून आग्र्याला नेलं. शाही किल्ल्यात तिचा हमाम आहे, छतावर अजून रंगीत नक्षी टिकून आहे. त्यातल्या एका चित्रावर बोट ठेवून 'यावरूनच ताजमहाल सुचला' असं गाईड हमखास सांगतो. ऐकून घ्यायचं, मग बाहेर येऊन मावा जिलबी खायची.

आहूखान्याला आम्ही लहानपणी जायचो तेव्हा तिथे शेळ्या चरायच्या. ताजमहालाला रांगा, आणि जिथे ती गेली तिथे शेळ्या. सिनेमात हे गाव येतच नाही का?

जुनी_रिळं

येत नाही. सिनेमात ती राजवाड्यातच वारते. बुऱ्हाणपूर नाही, मोहीम नाही, बाळंतपणही नाही.

बाराबंदी
*नावडलेला प्रतिसाद*

मी हा पाहिलाय, आणि मला चीड आली होती. सगळे गोडगोड लिहिताय म्हणून जरा कडू.

हा सिनेमा तुमच्या-माझ्यासाठी काढलेलाच नाही. लंडन-बर्लिनच्या प्रेक्षकाला जो हिंदुस्थान हवा होता तो यात ठासून भरलाय. हत्ती, उंट, जनाना, गुलामांचा बाजार, कारस्थानी काळ्या डोळ्यांची बाई. पोस्टरवर छापायचा देश. त्याच दशकात कोल्हापुरात बाबूराव पेंटर 'सावकारी पाश' काढत होते. शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो, तो शहरात गिरणीत येतो, नायक शांताराम. तो सिनेमा आपला होता. तो गेला, एक फूटही उरला नाही. आणि हा उरला, कारण साहेबाने कपाटात जपला. काय जगलं आणि काय मेलं हे बघितलं की कळतं कुणाच्या आवडीला किंमत होती.

दुसरं. तापीकाठने बुऱ्हाणपूर काढलंच आहे, तर १६३०-३२ सालही काढू. तेव्हा दख्खन आणि गुजरातेत दुष्काळ असा पडला होता, की बादशहाचाच बखरकार अब्दुल हमीद लाहोरी लिहून गेलाय, की मेलेल्यांची हाडं कुटून पिठात मिसळून विकली गेली. शिवनेरीवर शिवबाला सव्वा वर्ष झालेलं. देहूत तुकोबांचा धंदा बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. त्याच दिवसांत, त्याच मुलखाच्या उशाशी, बुऱ्हाणपुरात बादशहाची बायको गेली. एकीसाठी ताज. दुसरीसाठी एक अभंगाची ओळ. मला तरी ती ओळ मोठी वाटते. राजेशाही प्रेमकथा बघताना हे डोक्यातून जात नाही, काय करू.

इतिहासाचा_किडा

@बाराबंदी, दुष्काळाबद्दल शंभर टक्के. त्याच बखरीत मदतीचंही आहे. बुऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरतेत लंगर उघडले, आणि बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये वाटले. दुष्काळापुढे ते किती पुरलं असेल, हे ज्याचं त्याने ठरवावं.

जुनी_रिळं

@बाराबंदी, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात चांगला, आणि तरी मी निम्माच सहमत.

'सावकारी पाश'बद्दल वाद नाही. तो गेला याचं दुःख 'शिराझ' राहिला या आनंदापेक्षा मोठं आहे. पण तो गेला याचं खापर साहेबाच्या आवडीवर फोडू नका. आपली रिळं आपणच टाकली. पुण्यात २००३ साली आग लागून नायट्रेटच्या रिळांचा केवढा साठा खाक झाला, तेव्हा राज्य कुणाचं होतं?

राहिला परदेशी डोळ्यांचा प्रश्न. ते डोळे आहेतच, नाकारत नाही. पण ज्या काळात हॉलिवूडवाले तोंडाला काळं फासून हिंदी माणसं उभी करत होते, त्या काळात रायने हट्टाने सगळी पात्रं इकडचीच घेतली. दालिया झालेली सीता देवी अँग्लो-इंडियन, मूळ नाव रेनी स्मिथ. खुर्रम झालेले चारू रॉय चित्रकार आणि कलादिग्दर्शक. सलीमा झालेल्या एनाक्षी रामा राव. आणि गर्दीतले चेहरे बघा. बाजारात एक म्हातारा कॅमेऱ्याकडे टक लावून बघतो, त्याला ना कथेशी देणंघेणं, ना लंडनशी. तो पोस्टरवर बसत नाही. साहेबाला हवा तो हिंदुस्थान उभा करताना कडेकडेने खरा हिंदुस्थान चौकटीत शिरलाय, आणि मी हा सिनेमा त्या कडांसाठी पुन्हा पुन्हा बघतो.

बाराबंदी

कडांसाठी बघायचा तर माहितीपट बघीन की. मधला भाग काय नुसता सोसायचा?

लंडनची_मावशी
*मी होते तिथे*

लंडनच्या बार्बिकन सभागृहात २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये 'शिराझ'चा जो खेळ झाला, त्याला मी गेले होते. भाची म्हणाली मावशी चल, तुझ्याकडचा सिनेमा आहे. मी म्हटलं माझ्याकडचा म्हणजे नाशिकचा का गं? पण गेले.

पडद्याखाली वादक बसलेले, अनुष्का सतारीवर, बाजूला पाश्चात्त्य वाद्यंही. सगळ्यांची नजर एकदा सुरांवर, एकदा पडद्यावर. लहान लहान गोष्टी जुळवाव्या लागत होत्या. पडद्यावर कुणी वळलं की इकडे सूर वळायचा. दालिया पडद्यावर आली की प्रेक्षक चक्क हसायचे, मजा यायची तिला बघायला. भुवई उचलून एक नजर टाकते ना, तिला पाटीची गरजच नाही. खरं सांगते, नायिकेपेक्षा तीच लक्षात राहिली.

हत्तीच्या वेळी मात्र शेजारच्या गोऱ्या आजोबांनी माझा हात धरला. मी पण धरू दिला.

@बाराबंदी, तुमचं पटतं हो. पण परदेशात राहून आम्हाला वर्षानुवर्षं हत्ती आणि साप याबद्दलच प्रश्न आलेत. त्या सभागृहात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, की ही नटी कोण, पुढे काय झालं तिचं. हत्तीबद्दल नाही विचारलं. म्हणजे काहीतरी वेगळं घडलंच असणार.

नंतर हाच खेळ भारतातही झाला म्हणे?

जुनी_रिळं

हो मावशी, त्याच वर्षी चार शहरांत, त्यात मुंबई होती. पुणं नव्हतं, त्यामुळे पुणेकरांनी त्याला महत्त्व दिलं नाही.

पेठेतला
*पुण्याचं नाव घेतलंत म्हणून*

पुण्याचं नाव निघालंच आहे तर मूकपटांतली नटी सुलोचना आमची. रूबी मायर्स, बगदादी ज्यू कुटुंबातली, जन्म पुण्याचा. आधी टेलिफोन ऑपरेटर होती.

तिची गोष्ट इथे का? तर १९२८ हे साल राजेशाही प्रेमकथांचंच होतं. एकीकडे 'शिराझ'. दुसरीकडे लाहोरच्या कंपनीने चारू रॉयलाच घेऊन सलीम-अनारकलीवर मोठा खर्चिक मूकपट काढला, सीता देवीसह, इम्तियाज अली ताजच्या नाटकावरून. मुंबईच्या इंपीरियल कंपनीला सुगावा लागला आणि आर्देशीर इराणींनी झटपट आपली 'अनारकली' करून आधी मैदान मारलं. तिच्यात सुलोचना. पुढे १९३५ साली तीच भूमिका तिने बोलपटात केली, आणि १९५३ च्या 'अनारकली'त ती सलीमची आई झाली. जिने भिंतीत चिणून घेतलं तीच पुढे सासूच्या खुर्चीत. याच्यापुढे कुठली पटकथा टिकते?

आणि गंमत म्हणजे अनारकलीलाही इतिहासात पाय ठेवायला जागा नाही. त्यामुळे किड्याचं दुःख दुप्पट.

इतिहासाचा_किडा

दुःख दुप्पट झालंय, धन्यवाद.

मालाडकर

ही मंडळी पुढे आमच्या गावात आली. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली मालाडला 'बॉम्बे टॉकीज' काढली. ओस्टेनही जर्मनीहून आला, बरोबर तंत्रज्ञ आले. 'अछूत कन्या' (१९३६) त्याचीच. ज्याला हिंदीचा गंध नाही त्या माणसाने अस्पृश्यतेवरचा हिंदी सिनेमा दिग्दर्शित केला, यात काय ते समजून घ्या. आपल्या लीला चिटणीस 'कंगन'मध्ये (१९३९) अशोककुमारबरोबर झळकल्या, तोही ओस्टेनच्याच हाताखाली. त्याच वर्षी युद्ध पेटलं, जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केलं. पुढच्या वर्षी राय गेले.

स्टुडिओच्या जागेत आता गाळे आहेत. वेल्डिंग, प्लास्टिक, काय काय. पत्ता मात्र लोक अजून 'बॉम्बे टॉकीज कंपाउंड' असाच सांगतात. टेम्पोवाल्याला विचारा, तो नेतो. तिथे सिनेमा व्हायचा हे त्याला ठाऊक असेलच असं नाही.

देविका राणीचं म्हणाल तर ती याच टोळीच्या तिसऱ्या मूकपटावर ('थ्रो ऑफ डाइस') काम करता करता रायच्या आयुष्यात शिरली.

गवती_चहा
*वाचून काढलं*

सगळं वाचलं. बाराबंदींचा प्रतिसाद वाचून पोटात कालवलं. पण माझा एक साधा प्रश्न आहे. शिराझला सलीमा बहीण म्हणून वाढलेली ना? मग त्याने तिच्यावर प्रेम करणं सासूबाईंना कसं समजावू?

पेठेतला

सांगा, कुंभारवाड्यातला नियम वेगळा. नाहीतर चहा टाकायला तिसऱ्यांदा उठा.

जुनी_रिळं

तो मुद्दा सिनेमालाही थोडा टोचतो. तिच्याकडून ते प्रेम भावाचंच राहतं. ती खुर्रमकडे वळते तेव्हा ती शिराझला फसवत नाही, तिला त्याचं कळलेलंच नसतं. म्हणून दालियाचं कारस्थान इतकं वाईट आहे. जनान्यात सापडलेला माणूस खरंच तिचा भाऊ आहे, आणि खरंच तिचा आशिकही आहे. आरोप निम्मा खरा. खुर्रमला ते निम्मं तेवढं दिसतं आणि तो मरणाची शिक्षा देतो. मला तिथे शहाजहान पहिल्यांदा माणूस वाटला, फारसा चांगला नाही, पण माणूस.

@बाराबंदी, मधला भाग सोसायचा का विचारलंत, तर हा आहे मधला भाग.

इतिहासाचा_किडा
*एक शेवटची किडेगिरी*

त्या 'दुसरी अशी वास्तू होऊ नये' हुकमावरून आठवलं. खरा वास्तुकार उस्ताद अहमद लाहौरी. त्याचा मुलगा अताउल्ला. बापाचा हात ना कुणी तोडला, ना डोळे काढले, उलट मुलानेही तोच धंदा उचलला. आणि त्याने काय बांधलं? औरंगाबादेतला, आताच्या छत्रपती संभाजीनगरातला बीबी का मकबरा! औरंगजेबाची बायको दिलरस बानो १६५७ साली गेली, तिच्यासाठी. मकबऱ्याच्या दरवाजावरच्या लेखात अताउल्लाचं नाव आहे, बरोबर हंसपत राय म्हणून एकाचं. कारागिराची नावं कोरून ठेवलेली, राजाने.

म्हणजे शहाजहानच्या मुलाने लाहौरीच्या मुलाकडून आईच्या कबरीची नक्कल बायकोसाठी करून घेतली, आणि तीही आपल्या मराठवाड्यात. संगमरवर वरच्या घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला, बाकी बरंचसं चुन्याचं काम. खर्च कमी. आपण शाळेच्या सहलीत तिथे जाऊन 'गरिबांचा ताज' म्हणून नाकं मुरडतो. मला विचाराल तर निरंजन पालने ही गोष्ट घ्यायला हवी होती.

तापीकाठ

ही गोष्ट कुणीतरी काढाच. आणि त्यात बुऱ्हाणपूर घाला, नाहीतर मी पुन्हा येईन.

बाराबंदी

किडेराव, हा प्रतिसाद कात्रण करून ठेवण्यासारखा आहे. कारागिराचं नाव दरवाजावर कोरलेलं, हे मला ठाऊक नव्हतं. सिनेमाने कारागिराला नाव दिलं तेही खोटं दिलं, खऱ्या कारागिराचं नाव ज्याच्यावर आहे तिथे आपण फोटो काढून निघून येतो. असो. 'शिराझ' पुन्हा एकदा बघतो, या वेळी हातांकडे लक्ष ठेवून. मत बदलेल याची हमी नाही.

लंडनची_मावशी

बाराबंदी, बघून झाल्यावर लिहा हो इथेच. आणि दालियाकडेही लक्ष ठेवा, तिच्यावर कुणी काही बोलतच नाहीये.

जुनी_रिळं

मावशी, सीता देवीवर वेगळा धागा काढायला हवा. 'लाइट ऑफ एशिया' (१९२५) मध्ये गौतमाची पत्नी गोपा, इथे खलनायिका, आणि १९२९ च्या 'थ्रो ऑफ डाइस'मध्ये पुन्हा नायिका. रायचंही तसंच. आधी बुद्ध, मग कुंभाराचा पोरगा, मग द्यूतात राज्य लुबाडणारा दुष्ट राजा. तो तिसरा सिनेमा महाभारतावर आधारलेला, खेळ फाशांचा, आणि 'शिराझ'पेक्षाही थाटाचा. हत्ती, घोडे, वाघ, राजेरजवाड्यांच्या पदरची माणसं. नितीन सोहनीने त्याला नवं संगीत दिलं आणि २००७ साली लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात उघड्यावर दाखवला. मावशी, तिथे होतात का?

लंडनची_मावशी

नव्हते रे बाबा, तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. भाची गेली होती. परत आली ती दोन दिवस घोडेच बोलत होती.

गवती_चहा

बघितला! सासूबाईंबरोबरच. बहीण-भावाचं काही विचारलं नाही त्यांनी, चुंबनालाही हू की चू नाही. हत्तीच्या वेळी म्हणाल्या, "त्या माहुताला पैसे किती दिले असतील गं?" आणि शेवटी ताज दिसल्यावर म्हणाल्या, "चौदा बाळंतपणं म्हणालीस ना? ती कुठे दाखवली?"

आता त्यांना फाशांचा बघायचाय. जुनी_रिळं, त्यात पाट्या इंग्रजीतच आहेत का? मला वाचून दाखवाव्या लागतात, आणि त्या मधेच प्रश्न विचारतात.

जुनी_रिळं

इंग्रजीच आहेत. पूर्वी मुंबईच्या थेटरांत दोन-तीन लिप्यांतल्या पाट्या असायच्या, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी शेजारचा मोठ्याने वाचायचा. तुम्ही तेच काम करताय. प्रश्न आले की थांबवा, उत्तर द्या, पुढे चालू. आणि त्यांचे प्रश्न इथे टाका.